घर दोघांचं, बिल कुणाचं?

रविवारी सकाळी साडेआठला आत्याचा फोन आला, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे. आत्या रविवारी साडेनऊच्या आत कुणाला उठवत नाही.

'तू ऑफिसात ते एक्सेल का काय ते करतेस ना, तसं या दोघांना करून दे गं,' ती म्हणाली. 'त्यांचं भांडण मिटव असं नाही म्हणत मी. ती आशा सोडली. पण रोज उठून पैशांवरून जे चाललंय ना, ते आता ऐकवत नाही.'

'हे दोघं' म्हणजे माझा आतेभाऊ आणि वहिनी. दोघंही नोकरी करणारे, दोघंही शहाणे. सहा वर्षांपूर्वी वाकडला टू बीएचके घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी उंबऱ्यासमोर रांगोळी मीच काढली होती. तीन महिन्यांपूर्वी दादाने दोन बॅगा भरल्या आणि तो ऑफिसमधल्या मित्राच्या फ्लॅटवर एक खोली घेऊन राहायला गेला. तिसरं माणूस नाही, मारहाण नाही, सिनेमात शोभेल असं काहीच नाही. 'जमत नाही' एवढंच दोघांनी सांगितलं. तेही अगदी एका सुरात!

आता वेगळं व्हायचं ठरलंय, तर वेगळे व्हा. पण गंमत बघा. नवरा-बायको वेगळे झालेत हे नातेवाइकांना दोन दिवसांत कळतं, सोसायटीच्या वॉचमनला तर त्याच्याही आधी कळतं. बँकेला मात्र कळत नाही. महावितरणला कळत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापून घेणाऱ्या कॉम्प्युटरला तर अजिबातच कळत नाही.

तो समजला ती, ती समजली तो

त्यांची पद्धत पूर्वी छान होती. दादाच्या हातात महिन्याला ९० हजार येतात, वहिनीच्या ६० हजार. घराचा हप्ता ४५ हजार. दोन तारखेला दादा जॉइंट अकाउंटमध्ये २७ हजार टाकायचा, वहिनी १८ हजार. पगार जसा, तसा वाटा. साठ-चाळीस. पाच तारखेला हप्ता आपोआप जायचा. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही.

दादा घराबाहेर पडला आणि त्याने पैसे टाकणं थांबवलं. 'मी तिथे राहत नाही, मग मी का भरू?' असं त्याचं म्हणणं. वहिनीने पहिल्या महिन्यात आपले १८ हजार नेमाने टाकले. दादाचे आलेले दिसले नाहीत, तेव्हा दुसऱ्या महिन्यात तिनेही थांबवले. 'घर सोडून तो गेला, मी नाही,' असं तिचं म्हणणं. दोघांचंही ऐकलं की दोघांचंही पटतं! पण हप्ता सलग दोनदा बाउन्स झाला. बँकेचे मेसेज दादाच्या नंबरवर येत होते आणि त्याने ते म्यूट करून ठेवले होते.

वहिनीला हे कळलं कधी? तिच्या बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्यासाठी तिने छोटंसं पर्सनल लोन मागितलं, तेव्हा. लोन नाकारलं गेलं. कारण, थकलेला गृहकर्जाचा हप्ता. सहा वर्षं जपलेला क्रेडिट स्कोअर दोन महिन्यांत घसरला होता. दादाचाही घसरला होता, फक्त त्याने अजून कुठे काही मागितलं नव्हतं.

आणि याच्यापेक्षा मला लागलं ते वेगळंच. पोळ्या-भांड्यांच्या मावशींचे ३,८०० रुपये दादा पूर्वी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवायचा. वहिनी समजली, तो पाठवतोय. तो समजला, आता ती देत असेल. मावशी दोन महिने बिनपगारी येत होत्या! वहिनीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'ताई, घरात काय चाललंय ते दिसतंय मला. अशात पैसे काय मागायचे?'

हे ऐकून दादा बराच वेळ काही बोलला नाही. त्या रविवारच्या बैठकीत पहिला खरा व्यवहार झाला तो हाच. मावशींचे ७,६०० रुपये त्याने जागच्या जागी पाठवून दिले.

बँकेला तुमच्या रुसव्या-फुगव्याशी घेणं नाही

जॉइंट होम लोनचा फण्डा नीट समजून घ्या, कारण इथेच भलेभले फसतात. कर्ज दोघांच्या नावावर म्हणजे निम्मं तुमचं, निम्मं तिचं, असं नसतं. दोघंही *अख्ख्या* कर्जाला जबाबदार असतात. एकाने हात वर केले तर बँक दुसऱ्याकडे सगळा हप्ता मागू शकते. तुम्ही आपसांत काय ठरवलंय, कोण कुठे राहतंय, कोर्टात केस चालू आहे की नाही, हे बँकेला लागू होत नाही. इतकंच काय, घटस्फोट झाला तरी कर्जाच्या कागदावरची सही पुसली जात नाही. बँकेने स्वतः लेखी मोकळं केलं, तरच मोकळे.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते कर्ज एनपीए होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि पैसे आले नाहीत तर घराचा ताबा घ्यायच्या मागे लागू शकते. म्हणजे 'घर कुणाचं' यावर भांडता भांडता घर तिसऱ्याचंच व्हायचं!

म्हणून पहिला नियम साधा आहे. भांडण चालू ठेवायचं तर ठेवा, हप्ता चालू ठेवा. कुणी किती जास्त भरले ते लिहून ठेवा, नंतर वळते करता येतात. घसरलेला स्कोअर मात्र वळता करता येत नाही.

दोन याद्या

त्या रविवारी आम्ही माझ्या डायनिंग टेबलावर बसलो. मध्ये लॅपटॉप, बाजूला आत्याने डब्यातून पाठवलेले पोहे. पहिली वीस मिनिटं अर्थातच 'तू तेव्हा असं म्हणालास' आणि 'तूच आधी तसं केलंस' यात गेली. मग मी म्हटलं, आपण माणसांबद्दल बोलायचंच नाही, बिलांबद्दल बोलू. एकेक बिल घ्यायचं आणि विचारायचं, हे बिल घरात *राहिल्यामुळे* येतं की घर *आपलं असल्यामुळे* येतं?

एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. करून बघा.

पहिली यादी, राहणाऱ्याचा खर्च. त्यांच्याकडे ती अशी निघाली: सोसायटीचा महिन्याचा मेन्टेनन्स ४,०००, वीज १,८००, गॅस ५००, इंटरनेट ९०० आणि मावशींचे ३,८००. एकूण ११ हजार. घरात जो राहतो, दिवे लावतो, लिफ्ट वापरतो, त्याने हा खर्च करायचा. घरात सध्या वहिनी राहते, म्हणून हे तिचं.

दुसरी यादी, मालकाचा खर्च. हप्ता ४५ हजार, आणि मालमत्ता कर वर्षाला १८ हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार. एकूण ४६,५००. शिवाय सोसायटीने उद्या गळतीसाठी किंवा रंगासाठी मोठी वर्गणी काढली, तर तीही यातच. घरात कुणी राहो वा कुलूप असो, हा खर्च मालकांना चुकत नाही. मालक दोघं आहेत, म्हणून हा दोघांचा.

कुठल्या प्रमाणात? दादा म्हणाला, आता अर्धा-अर्धा. वहिनी म्हणाली, सहा वर्षं साठ-चाळीस होतं, आत्ताच माझा पगार वाढला का? मला तिचं पटलं. वेगळं होण्याच्या मधल्या काळात जुनं प्रमाण एकदम मोडायचं नसतं. दोघांच्याही महिन्याचं गणित त्यावर बसलेलं असतं. अंतिम वाटणीत काय व्हायचं ते होईल, तोपर्यंत जसं चालत आलं तसं. साठ-चाळीसने दादाचे झाले २७,९०० आणि वहिनीचे १८,६००.

इथे दादाने जो मुद्दा काढला, तो बरेच जण मनातच ठेवतात आणि कुढत बसतात. 'मी घराचे २८ हजार भरायचे आणि खोलीचं भाडं १५ हजार वर? ती अख्खा फ्लॅट वापरते, त्याचं काय?'

मुद्दा रास्त आहे. त्या बिल्डिंगमध्ये असाच फ्लॅट २८ हजार भाड्याने जातो. अर्धं घर दादाचं धरलं तर त्याच्या वाट्याचं भाडं १४ हजार होतं. पण वहिनीचा मुद्दाही रास्तच. 'मी त्याला जा म्हटलं नव्हतं. आणि मला निवड असती तर मीही १५ हजारांची खोलीच घेतली असती. घर रिकामं ठेवायचं नाही म्हणून मी इथे आहे.'

या एका आकड्यावर सव्वा तास गेला. पोहे संपले, दोनदा चहा झाला. शेवटी ४ हजारांवर दोघं थांबले. म्हणजे दादाने भरायचे २३,९०० आणि वहिनीने २२,६००. वहिनीचा राहण्याचा खर्च धरून तिचे महिन्याला ३३,६०० जाणार, दादाचे खोलीच्या भाड्यासकट ३८,९००. हे ४ हजार कुठल्या कायद्यातून आलेले नाहीत. दोघांनाही थोडे टोचले आणि दोघांनाही झेपले, एवढंच. आणि मुदत घातली सहा महिन्यांची. त्यात घराचा निकाल लावायचा, नाहीतर पुन्हा बसायचं.

थकलेले दोन हप्तेही याच मापाने फेडले. ९० हजारांत दादाचे ५४ हजार आणि वहिनीचे ३६. त्यातले तिचे १८ हजार जॉइंट अकाउंटमध्ये आधीच पडून होते. बाउन्सचा दंड मात्र अर्धा-अर्धा. चूक दोघांची सारखीच होती ना!

जे खर्च दिसतच नाहीत

याद्या झाल्या, आम्ही सुटलो असं वाटलं. पण मी दोघांना बँक स्टेटमेंट उघडायला लावलं आणि तिसरीच यादी निघाली.

दादाच्या क्रेडिट कार्डावर वहिनीचं अ‍ॅड-ऑन कार्ड. त्यावर तिने काहीही घेतलं तरी बँक बिल दादाकडेच मागणार, कारण मूळ कार्ड त्याचं. वहिनीच्या फास्टॅगमधून दादाच्या गाडीचा टोल. वहिनीच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये दादा, आणि दादाने घेतलेल्या फॅमिली फ्लोटरमध्ये वहिनी. सिनेमा-मालिकांची तीन सबस्क्रिप्शन्स, त्यातलं एक कुणी घेतलं हे दोघांनाही आठवेना. आणि जॉइंट अकाउंट 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीचं, म्हणजे रागाच्या भरात एकाने सगळी रक्कम काढली तर बँक अडवणार नाही.

कार्ड लगेच बंद केलं. फास्टॅग बदलला. जॉइंट अकाउंट फक्त हप्त्यापुरतं ठेवलं, त्यात जास्तीचा एक रुपया नाही. मेडिक्लेमला मात्र हात लावू दिला नाही. रागाच्या भरात पॉलिसी बंद करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागू शकतं. आधी स्वतःची वेगळी पॉलिसी हातात घ्या, मगच जुन्यातून नाव काढा.

करबचतीचंही बघून ठेवा. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर दोन्ही सहकर्जदार मालकांना वर्षाला प्रत्येकी २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण आपण प्रत्यक्ष भरलेल्या व्याजापुरतीच. त्यामुळे कुणाच्या खात्यातून किती गेले, याची नोंद इथेही उपयोगी पडते. नव्या पद्धतीत राहत्या घरावर ही वजावट नाही.

कोर्ट काय विचारतं?

'एवढं सगळं लिहायचं कशाला, शेवटी कोर्ट सांगेल ना,' असं दादा एकदा म्हणालाच. तर ऐका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचा, तर त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर साधारण सहा महिने थांबायचं. हे सहा महिने योग्य वाटल्यास कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे सगळं गोडीगुलाबीने झालं तरी वर्ष-दीड वर्ष हातात असतं. तेवढे हप्ते कोण भरणार? न्यायाधीश येऊन भरणार नाहीत.

ज्यांना दुसरं भाडं परवडतच नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, एका छताखाली असले तरी ते वेगळं राहणं असू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच म्हटलंय. मुंबईत कित्येक जोडपी अशीच एका फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत दिवस काढत असतात. त्यांना तर याद्यांची गरज सगळ्यात जास्त, कारण तिथे दुधाच्या पिशवीवरूनही ठिणगी पडते.

दुसरं, पोटगीचा प्रश्न कोर्टात आला की दोघांनाही आपलं उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्जं शपथपत्रावर लिहून द्यावी लागतात. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे देशभरासाठी ठरवून दिलं. खटला चालू असतानाची पोटगी हिंदू विवाह कायद्यात बायकोच मागू शकते असंही नाही, ज्याला गरज आहे तो नवराही मागू शकतो. सांगायचा मुद्दा हा, की आज डायनिंग टेबलावर जी यादी करायला जीवावर येतं, तीच उद्या शपथेवर करावी लागणार आहे. आज केलीत तर पोहे तरी मिळतील!

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. हे सगळं दोघांना एकमेकांची भीती वाटत नसेल तेव्हाचं आहे. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, तर मैत्रिणीच्या डायनिंग टेबलावर बसू नका, सरळ वकील आणि पोलीस गाठा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे, घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी बायकोला त्या घरात राहायचा हक्क आहे. ती बाहेर पडावी म्हणून भाडं थांबवणं, घरखर्च बंद करणं यालाही कायदा आर्थिक छळ म्हणतो. 'लाइट कापली की जाईल आपोआप' हा शहाणपणा अंगाशी येतो.

मूल असेल तर? तर त्याची यादी या दोन याद्यांच्या आधी. शाळेची फी, व्हॅन, डॉक्टर, शिकवणी. वेगळं अकाउंट काढा, महिन्याच्या एक तारखेला दोघांनीही पगाराच्या प्रमाणात पैसे टाका आणि त्यातून फक्त मुलाचाच खर्च करा. 'यंदाची फी तुझ्या बाबांना माग' हे वाक्य कुठल्याही मुलाला ऐकावं लागू नये.

घराचं शेवटी काय करायचं?

रस्ते तीनच. एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा, घर विकायचं, किंवा भाड्याने देऊन हप्ता त्यातून भागवत थांबायचं.

वहिनीला घर ठेवायचं होतं. खिडकीतल्या कुंड्या, स्वयंपाकघरातल्या निळ्या टाइल्स, सगळं तिनेच निवडलेलं. मी आकडे मांडले तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. कर्ज घेतलं होतं ५० लाख, नऊ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. सहा वर्षांत दोघांनी मिळून ३२ लाखांच्या वर हप्ते भरले आणि तरी ४३ लाख शिल्लक! सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातलं बहुतेक सगळं व्याजातच जातं, ते असं. आता हे कर्ज एकटीच्या नावावर करायचं, तर बँक तिचा एकटीचा पगार बघणार. ६० हजारांच्या पगारावर ४५ हजारांचा हप्ता कुठली बँक मान्य करेल? शिवाय दादाच्या हिश्श्याचे पैसे वेगळेच. दादालाही एकट्याला ते जड होतं. मग विकायचं ठरलं.

घराला ८५ लाख आले. ४३ लाख बँकेला, उरले ४२. रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या नियमामुळे फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, तेवढी बचत झाली. आता ४२ लाखांची वाटणी कशी? घर घेताना १५ लाख रोख भरले होते. त्यातले ८ वहिनीच्या बाबांनी एफडी मोडून दिलेले, ७ दादाचे. आधी ते ज्याचे त्याला परत. उरलेले २७ लाख साठ-चाळीसने, कारण हप्ते त्याच प्रमाणात भरले गेले. दादाला एकूण २३ लाख २० हजार, वहिनीला १८ लाख ८० हजार.

हे जमलं, कारण बाबांनी दिलेल्या ८ लाखांची बँकेतली नोंद होती. दोघांच्या नावावरच्या घरात हिस्सा किती हे ठरलेलं नसेल आणि पैसे वेगवेगळ्या खिशांतून आल्याचं दाखवता आलं, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हिस्सा त्या पैशांच्या प्रमाणात धरतो. दाखवता आलं नाही, तर सारखाच धरतो. म्हणून ते जुने पासबुक फेकू नका.

आणि समजा एकजण आपला हिस्सा दुसऱ्याला काहीही न घेता देत असेल, तर महाराष्ट्रात नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. पण ही सवलत नवरा-बायकोला आहे, माजी नवरा-बायकोला नाही. घटस्फोटाच्या आधी की नंतर, हे वकिलाला विचारूनच ठरवा. घरावर कर्ज असेल तर बँकेचीही परवानगी लागेल.

पहिल्या महिन्यात एवढं कराच

• एक तारीख ठरवा. तिच्या आधीचा खर्च दोघांचा, नंतरचा यादीप्रमाणे.
• दोन याद्या करा आणि दोघांनी त्याखाली सही करा. साधा ई-मेल पाठवून समोरच्याचं 'मान्य' घेतलंत तरी चालेल.
• कर्जाच्या खात्यावर दोघांचेही मोबाइल नंबर नोंदवा. दोघांनाही मेसेज आला पाहिजे.
• एकमेकांना रोख देऊ नका. सगळं खात्यातून, आणि कशाचे ते दोन शब्दांत लिहून.
• अ‍ॅड-ऑन कार्डं बंद, ऑटो-पे तपासून घ्या, पीएफ आणि विम्यातली नॉमिनींची नावं बघून घ्या.
• घरकामाच्या मावशी, दूधवाला, पेपरवाला यांना सांगा, पैसे इथून पुढे कोण देणार.

गेल्या महिन्यात फ्लॅटची किल्ली नव्या माणसांकडे गेली. वहिनीने कुंड्या नेल्या, दादाने पुस्तकांचं कपाट. मिक्सरवरून दोघं दहा मिनिटं 'तू घे, तू घे' करत होते. लग्नात एवढं केलं असतं तर, असं माझ्या मनात आलं, पण मी गप्प बसले.

त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, 'आपलं घर' नावाचा. घर घेतलं तेव्हा बिलांसाठी काढलेला, दोघांचाच. आमच्या बैठकीनंतर त्यात मलाही घेतलं होतं आणि नाव नुसतं 'हिशेब' केलं होतं. परवा विजेचं शेवटचं बिल आलं, ६४० रुपये. यादीप्रमाणे ते वहिनीचं होतं. तिने भरायला घेतलं तर आधीच भरलेलं. ग्रुपवर दादाचा मेसेज होता, 'भरलं. हे राहू दे.'

वहिनीने थोड्या वेळाने लिहिलं, 'मावशींना नवीन काम मिळालं. चौथ्या मजल्यावर.'

त्यावर दादाने अंगठा टाकला. मग दोघंही ग्रुपमधून बाहेर पडले, आणि मी एकटीच ॲडमिन उरले.